हळद लाल का होते?

लग्नात नवरदेवाला हळद लागते. अंगावरचे पांढरे कापड पिवळे होते. मग ते धुवायला काढतात. साबण लागला की पिवळा डाग एकदम लाल होतो. साबण पाण्याने निघून गेला की डाग पुन्हा पिवळा. हे आपण पुष्कळदा पाहिले आहे. पण असे का होते, याचा विचार केला आहे का?

चला, आज तो विचार करू. त्यातून आपल्या वावराचाही फायदा होईल.

आंबट आणि खारे

लिंबू आंबट. चिंच आंबट. ताक शिळे झाले की आंबट. आंबट चव ज्याने येते त्याला आम्ल म्हणतात.

चुना, धुण्याचा सोडा, चुलीतली राख, साबण हे निराळ्या जातीचे. ते पाण्यात कालवले की हाताला बुळबुळीत लागतात. त्यांना अल्क म्हणतात. आपल्या बोलीत आपण त्यांना खार म्हणू. हा खार मिठाहून वेगळा. मीठ चवीला खारट लागते, पण ते आम्लही नाही आणि अल्कही नाही.

आम्ल आणि अल्क एकमेकांचा जोर मोडतात. आम्लात थोडा थोडा अल्क घातला की त्याचा आंबटपणा कमी होत जातो. पोटात फार आम्ल झाले की जळजळ होते. अशा वेळी डॉक्टर जे औषध देतात, त्यातल्या काही औषधांत सौम्य अल्क असतो. तो आम्लाचा जोर कमी करतो.

हळदीची परीक्षा

हळदीत एक पिवळा रंग असतो. आम्लात तो पिवळाच राहतो. जोरदार खार लागला की तो लाल होतो. साबणात खार असतो, म्हणून डाग लाल. जुन्या काळापासून हळदीवर खाराची प्रक्रिया करून कुंकू करतात. त्यामागेही हीच गोष्ट.

घरी करून पाहा. चिमूटभर हळद पाण्यात कालवा. पांढऱ्या कागदाला लावून वाळवा. एका जागी लिंबाचा थेंब टाका. रंग बदलणार नाही. दुसऱ्या जागी साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. तिथे लाल होईल. आता त्या लाल डागावर लिंबू पिळा. डाग पुन्हा पिवळा होईल. लिंबाच्या आम्लाने खाराचा जोर मोडला.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळद पुष्कळ पिकते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा या परीक्षेचे सामान आपल्या घरातच आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. अनोळखी वस्तू जिभेला लावून पाहू नका. चुना तर फार जोरदार खार. पोराच्या डोळ्यात चुना उडाला तर डोळा जातो. असे झाले तर लगेच स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवा आणि तडक दवाखाना गाठा. लिंबूबिंबू काही घालू नका.

सामू म्हणजे काय?

हळद इतकेच सांगते, की खार जोरदार आहे. किती आहे, ते सांगत नाही. खार थोडा असला तर ती लालही होत नाही. मग मोजायचे कसे?

१९०९ साली डेन्मार्क देशात सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने यासाठी एक माप बसवले. त्याला पीएच म्हणतात. आपल्या शेतीच्या पुस्तकांत त्यालाच सामू म्हणतात. सामू बहुधा ० ते १४ मध्ये असतो. मधला आकडा ७. शुद्ध पाण्याचा सामू ७. सातच्या खाली आम्ल. सातच्या वर अल्क.

लिंबाचा सामू सुमारे २. दह्याचा ४ ते साडेचार. खायच्या सोड्याच्या पाण्याचा ८ हून थोडा जास्त. चुन्याच्या निवळीचा १२ हून जास्त.

या मापाची एक खुबी आहे. एक आकडा बदलला की जोर दहापट बदलतो. सामू ८ वरून ९ झाला, तर खाराचा जोर दहापट वाढला. म्हणून ७ आणि ८ यांत फरक तो किती, असे म्हणू नये.

पान पिवळे का पडते?

डोंगरकड्याच्या बाजूला केळी, ऊस, हळद ही पिके होतात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडी पुष्कळ ठिकाणी असते. त्यामुळे अशा जमिनीचा सामू सातच्या वर, कुठे कुठे आठच्याही वर असतो. बहुतेक पिकांना साडेसहा ते साडेसात सामू मानवतो.

अशा वावरात काय घडते ते ऐका.

"काका, उसाची पानं पिवळी पडलीत. युरियाची एक गोणी टाकू का?"

"थांब बापू. कोणती पानं पिवळी? जुनी का नवी?"

"नवीच, पोंग्याजवळची. शिरा हिरव्या हायत, मधलं पिवळं."

"मग ही भूक युरियाची नाही. हा केवडा आहे. पैसा घालायच्या आधी माती तपासून घे."

काकांचे म्हणणे खरे आहे. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. लोह कमी पडले तर नवी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. लोह जमिनीत असते. पण खार वाढला की ते पाण्यात विरघळत नाही. मुळांना मिळत नाही. कणगी दाण्यांनी भरलेली, पण तिला कुलूप, तसे हे. युरियाने ते कुलूप उघडत नाही. गोणीचे पैसे मात्र जातात. अशा वेळी हिराकस शेणखतात मुरवून देतात, किंवा त्याची फवारणी करतात. किती द्यायचे, ते जाणकाराला विचारावे.

दुसरा रोग चोपण जमिनीचा. पिकाला पाणी फार दिले आणि निचरा नसला, तर खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. त्यात सोडियम वाढले की जमीन चोपण होते. सामू साडेआठच्या वर जातो. ओली असता ती चिकट, वाळली की दगड. पाणी मुरत नाही. अशा जमिनीला चर काढून निचरा द्यावा लागतो, आणि तपासणी करून जिप्सम द्यावे लागते.

चुनखडीची जमीन निराळी आणि चोपण जमीन निराळी. औषधही निराळे. डोळ्यांनी पाहून ते पुरते कळत नाही.

माती तपासा

पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी मातीचा नमुना घ्या.

१. वावरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करा. वरपासून खालपर्यंतची माती खरवडून घ्या.

२. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि पाणथळ जागा सोडून द्या.

३. सगळी माती एकत्र कालवा. सावलीत वाळवा. अर्धा किलो कापडी पिशवीत भरा.

४. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर आणि पीक लिहा. चिठ्ठी पिशवीत घाला.

पिशवी कुठे द्यायची, ते गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथेही सल्ला मिळतो. सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना काढली. त्या पत्रिकेवर सामूचा आकडा छापलेला असतो.

पत्रिका घरी आली की कोनाड्यात ठेवून देऊ नका. आता तुम्हाला वाचता येते. सामूचा आकडा स्वतः वाचा. मगच खताच्या दुकानाची पायरी चढा.

आठवून सांगा

१. साबणाने हळदीचा डाग लाल का होतो?

२. शुद्ध पाण्याचा सामू किती?

३. उसाची नवी पाने पिवळी पडली आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर काय कमी पडले असेल?