टोपणाखालची बोटभर वायर

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ हा कायदेशीर दर्जा मिळाला. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये ठरलं. अट मात्र कडक: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. टॅक्सी म्हणून नाहीतर सरकारी गाडी म्हणून उभा जन्म राबलेल्या जुन्या अँबॅसिडर या व्याख्येमुळे थेट रोल्स-रॉईसच्या पंगतीला बसल्या.

अँबॅसिडरची कुळकथा सर्वांना ठाऊक आहे: मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, उत्तरपाड्याचा कारखाना, २०१४ साली थांबलेलं उत्पादन. तिच्या १४८९ सीसीच्या बी-सिरीज इंजिनाचं कौतुकही भरपूर झालं आहे. डिस्ट्रिब्युटरबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, आणि गाडी रस्त्यात बंद पडली की पहिला हात तिथेच जातो.

डिस्ट्रिब्युटर ज्या इग्निशन यंत्रणेचा भाग आहे, ती नावारूपाला आणली चार्ल्स केटरिंगने. ओहायोतल्या डेटन गावी, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत, तो दुकानदारांच्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचं काम करत होता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात फावल्या वेळात खपून त्याने बॅटरीवर चालणारं नवं इग्निशन तयार केलं. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ते बसलं. तत्त्व पुढे साठेक वर्षं टिकलं. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, मिटलेले असताना कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून करंट वाहतो, पॉइंट उघडले की तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर ते एकेका प्लगला वाटून देतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात.

बी-सिरीज इंजिनांवर साठच्या दशकात सर्रास दिसणारा डिस्ट्रिब्युटर म्हणजे लुकासचा ‘२५डी४’. बर्मिंगहॅमच्या या कंपनीला इंग्रज मोटारप्रेमी ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून हिणवतात. हा अन्याय आहे. जे भाग दहा-पंधरा वर्षांच्या आयुष्यासाठी घडवले, त्यांच्याकडून साठ वर्षं चाकरी घ्यायची आणि वर दोष द्यायचा, हे बरं नव्हे. भारतात १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएसची स्थापना झाली आणि याच घराण्याचे भाग मद्रासजवळच्या पाडीत बनू लागले.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा हा फार सुंदर दस्तऐवज आहे. प्रत्येक वायरला रंग, प्रत्येक रंगाला अक्षर, आणि प्रत्येक रंगाला काम नेमून दिलेलं. तपकिरी थेट बॅटरीची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून येणारी, काळी अर्थची. चावीपासून कॉइलपर्यंत पांढरी. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत पांढरीवर काळी रेघ. नकाशा वाचणारा या रेघेवर बोट ठेवून पुढे सरकतो, एका वर्तुळापाशी येतो, आणि तिथे नकाशा संपतो. वर्तुळ म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या आत आणखी दोन वायरी आहेत, पण त्यांना ना रंग दिलाय, ना अक्षर.

खरा घोळ या दोन वायरींत असतो. पहिली बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटच्या स्प्रिंगपर्यंत करंट नेते. दुसरी, तिच्याहूनही आखूड, पॉइंट ज्या प्लेटवर बसतात तिला बॉडीशी जोडून अर्थ देते. ती प्लेट स्थिर नसते. ॲक्सिलरेटर हलका दाबला की कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या नळीतली हवा ओढली जाते, व्हॅक्यूमचा पडदा प्लेटला थोडं फिरवतो आणि ठिणगी जरा आधी पडते. प्लेट हलली की दोन्ही वायरी वाकतात. गाडीच्या आयुष्यात त्या किती वेळा वाकत असतील याची कल्पनाच करावी. म्हणून लुकासने त्या केसासारख्या बारीक, पुष्कळ तारांच्या केल्या आणि वर सुती विणीचं आवरण चढवलं. आतल्या तारा एकेक करून तुटत जातात. आवरण मात्र शाबूत, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही.

लक्षण ठरलेलं. उभ्या गाडीचं इंजिन छान चालतं. गिअर टाकून वेग घ्यावा तर धक्के, मिसिंग, कधी एकदम बंद. मग जेट साफ होतात, पेट्रोलपंप बदलला जातो, नवी कॉइल येते. दोष सापडायला साधा मल्टिमीटर पुरतो. एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या स्प्रिंगला लावायचं आणि व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून हवा ओढायची. प्लेट फिरताना काटा थरथरला, तर वायर गेली. अर्थच्या वायरची परीक्षाही अशीच, प्लेट आणि बॉडी यांच्यामध्ये.

दुरुस्तीत बहुतेकांचा हात घाईने साध्या पीव्हीसी वायरकडे जातो. ती ताठ असते. प्लेटला अडवते, टायमिंग बिघडवते आणि लवकरच पुन्हा तुटते. सोल्डर सढळ हाताने ओतलं तर ते तारांमध्ये झिरपून पुढे सरकतं, तेवढा भाग कडक होतो आणि नेमकी त्याच्या कडेला वायर मोडते. मल्टिमीटरच्या प्रोबला असते तसली लवचीक सिलिकॉन वायर, टोकाला दाबून बसवलेला टॅग आणि वळणापुरती ढील, हा उपाय टिकतो. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात अख्खा डिस्ट्रिब्युटर मिळाला तरी त्याची आतली वायरही तितकीच म्हातारी असणार, हे धरून चालावं.

बसवतानाचा एक बारकावा जिवावरचा आहे. जुन्या दोन तुकड्यांच्या पॉइंटमध्ये वायरीचा आणि पॉइंटला समांतर जोडलेल्या कंडेन्सरचा टॅग इन्सुलेटरच्या बुशवर, स्प्रिंगला टेकून बसायला हवा. तो खालच्या खुंटीला किंवा नटाला टेकला, तर करंट कायमचा अर्थ होतो आणि ठिणगीच पडत नाही. कंडेन्सर ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरडचा, पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावरून प्लगकडे जाणाऱ्या जाड केबलींची चूक वेगळीच गंमत दाखवते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि या इंजिनावर रोटर उलटा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतो. कोणी सवयीने केबली सुलट्या लावल्या तर १ आणि ४ योगायोगाने बरोबर जागी येतात, २ आणि ३ ची अदलाबदल होते. इंजिन दोन सिलिंडरवर कण्हत चालतं, कार्ब्युरेटरमधून फटाके उडतात, आणि माणूस टायमिंग फिरवत बसतो.

आता टोपणाखालच्या भांडणाविषयी. पॉइंट काढून तिथे छोटा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवता येतो. बाहेरून काही कळत नाही, पॉइंट घासण्याची कटकट संपते. मूळपणाचे कट्टर समर्थक त्याला भ्रष्टाचार मानतात. रोज चालवायच्या गाडीत मॉड्यूल गैर नाही. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थला जोडलेलं असायचं, आणि तिथे भलत्या ध्रुवतेचा मॉड्यूल जोडला की तो जळतो आणि गाडी टोचन करूनच न्यावी लागते. पॉइंट बिघडले तर पॉलिश पेपरचा तुकडा आणि फीलर गेज घेऊन रस्त्याच्या कडेला गाडी पुन्हा चालू करता येते. केटरिंगच्या यंत्रणेची ही ताकद नव्या मॉड्यूलमध्ये नाही. आणि मॉड्यूल बसवला तरी त्याच्या अर्थसाठी प्लेटची ती आखूड वायर बहुतेक वेळा लागतेच. ती तुटलेली असेल तर नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवरही गाडी वेग घेताना तशीच धक्के खाते.