मल्लांचे बल : कथा आणि शास्त्र

गामा पहिलवान (1878-1960) यांनी 1902 साली बडोद्यात 1200 किलोची शिळा उचलली, अशी ख्याती आहे. ती शिळा आजही तेथील संग्रहालयात दाखविली जाते. रोज पाच हजार बैठका व तीन हजार जोर, हा त्यांचा व्यायामही सर्वतोमुखी आहे. अशाच कथा ऐकून तरुण आमच्याकडे बलवर्धक कल्प मागतात. म्हणून वैद्यांनी त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

2016 मध्ये एडी हॉल यांनी लोखंडी दांड्यावरील 500 किलो वजन जमिनीवरून उचलले, तेव्हा तो विश्वविक्रम ठरला. त्याच्या दुपटीहून जड दगड एकट्याने अधांतरी उचलणे आम्हांस संभवनीय वाटत नाही. गामांची थोरवी मात्र त्या दगडावर अवलंबून नाही. 1928 मध्ये पतियाळात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी पोलंडच्या झिबिस्कोस मिनिटभरात चीत केले.

चरकाचार्यांनी बल त्रिविध सांगितले : सहज, कालज व युक्तिकृत. आहार, व्यायाम व रसायन यांचे क्षेत्र तिसऱ्यापुरते. मल्लाचे सहज बल डबीत भरता येत नाही. व्यायामास सुश्रुताचार्यांनी अर्धशक्तीची मर्यादा घातली, तर अतिव्यायामापासून क्षय, रक्तपित्त, कास संभवतात असे चरक बजावतात.

तेव्हा अश्वगंधा देण्यापूर्वी रुग्णाचा अग्नी पाहावा. औषधविक्रेत्यांनीही ‘पहिलवानी’ शक्तीचे वचन देऊ नये. महिन्याभरात अंग भरविणाऱ्या निनावी चूर्णात स्टेरॉइडची भेसळ असू शकते. त्याचे मोल रुग्णाचे शरीर देते आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो.