वारुळावरच्या दोन अळंब्या

पावसाने जोर धरला की मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका कल्याणच्या बाजारात रानभाज्यांबरोबर अळंब्याही आणतात. त्यांत खवय्ये शोधतात ती वारुळाची अळंबी. फ्रेंच बुरशीशास्त्रज्ञ रॉजेर हाइम यांनी १९४२ मध्ये तिला ‘टर्मिटोमायसिस’ या स्वतंत्र प्रजातीत घातले. तिची व्यापारी लागवड आजवर साधलेली नाही, कारण ती वाळवीवाचून जगत नाही. वाळव्या पालापाचोळा खाऊन टाकलेल्या विष्ठेचे जाळीदार पोळे रचतात, त्यावर बुरशी वाढते आणि चिवट लिग्निन फोडून वाळवीला पचेलसे अन्न करते. ही सोबत सुमारे तीन कोटी वर्षांची आहे.

या प्रजातीतल्या दोन जाती एकमेकींच्या बहिणी आहेत, हे पाहणाऱ्याला खरे वाटू नये. ‘हायमी’ ही पांढरी, दणकट, दांड्याला कडे असलेली. तिच्या छत्रीच्या मध्यावर गडद उंचवटा असतो. अलगद उपटली तर दांडा मुळासारखा निमुळता होत खोल जातो. त्याचे टोक थेट जिवंत पोळ्याला भिडलेले असते. ‘मायक्रोकार्पस’ची छत्री मात्र जेमतेम नाण्याएवढी, आणि तिला असे मूळ नसतेच. वाळव्यांनी पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकले की त्यांतून ती शेकड्यांनी फुटते.

त्यामुळे त्यांच्यावरचे संकटही एका वाटेने येत नाही. हायमी मुळासकट काढण्याच्या हव्यासात वारूळ खणले, तर खालचे पोळेच उद्ध्वस्त होते. शिवाय बाजारात भाव मिटलेल्या कळ्यांना. पण बीजाणू पडतात ते छत्री उमलल्यावर, आणि वाळवीच्या नव्या वसाहतीला बुरशी बहुधा बाहेरच्या बीजाणूंतूनच मिळते. सगळ्याच कळ्या खुडल्या, तर नवे वारूळ बुरशीविना राहण्याचा धोका वाढतो. मायक्रोकार्पस खुडल्याने पोळ्याला धक्का लागत नाही. तिला जमिनीचा वरचा थर न हललेला हवा.

वारूळ गेले की मात्र दोघीही जातात. कल्याण-डोंबिवलीच्या कडेचे माळ इमारतींसाठी सपाट होतात आणि पायाखाली वाळवीनाशक ओतले जाते. येऊरचे रान आणि तानसा अभयारण्य संरक्षित आहेत. शेताच्या बांधावरच्या, गावकुसाबाहेरच्या वारुळांना असे कवच नाही, आणि बाजारातल्या अळंबीचा मोठा आधार तीच वारुळे आहेत.