शेतीची यंत्रे व शेतकरी स्त्रिया

"बायकांना यंत्रातले काय कळते?" हा प्रश्न आपल्याकडे इतका रुळलेला आहे की तो विचारणारा उत्तराची वाटही पाहत नाही. विहिरीवरची मोटर बंद पडली, फवारणीच्या पंपाचे तोंड तुंबले, मळणीयंत्राचा पट्टा निसटला, की घरातील बाई आपसूक मागे सरते आणि पुरुषमंडळी पुढे होतात. लहानपणापासून हेच पाहत आल्यामुळे ही वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे असे आम्हांस वाटू लागते. ह्या समजुतीत तथ्य किती, व तिच्यापायी शेतीचे नुकसान किती, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे. बायकांचा विषय म्हणून वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती आहे. कारण हा प्रश्न प्रत्येकाच्या जमाखर्चाचा आहे.

प्रथम दोन आकडे पाहावेत. केंद्र सरकारच्या २०२३-२४ सालच्या श्रमबल पाहणीत असे आढळले की ग्रामीण भागातील कामकरी स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ७७ शेतीकामात आहेत. पुरुषांत हेच प्रमाण शेकडा ४९ च्या आसपास आहे. उलटपक्षी, २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे वहिवाटदार म्हणून नोंद असलेल्या स्त्रिया शेकडा १४ च होत्या. काम कोणाचे व खाते कोणाचे, हे यावरून उघड होते. शेतात यंत्र आले म्हणजे ते खातेदाराच्या नावाने येते, खातेदाराला दाखविले जाते व खातेदारच ते चालवतो.

आता समजुतीच्या मुळाकडे वळू. बाईने नांगरास हात लावू नये, लावल्यास पाऊस जातो, अशी धारणा हिंदुस्थानच्या पुष्कळ भागांत आढळते. स्त्रिया व जमीन यांवरील आपल्या १९९४ सालच्या ग्रंथात बीना अगरवाल यांनी ह्या निषेधाची चर्चा केली आहे. त्यापूर्वी १९७० साली एस्टर बोसरप या डॅनिश विदुषीने असा सिद्धान्त मांडला होता की, जेथे कुदळीने शेती होते तेथे शेतीचा मुख्य भार स्त्रिया वाहतात, आणि जेथे नांगर आला तेथे शेत पुरुषांकडे गेले. नांगर दाबून धरण्यास व बैल आवरण्यास अंगबळ लागते, शिवाय तान्हे मूल सांभाळीत ते काम होत नाही, हे त्याचे कारण. २०१३ साली तिघा अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांची तुलना करून असे दाखविले की, ज्या समाजांत पूर्वापार नांगर चालला त्यांच्या वंशजांत आजही स्त्रिया घराबाहेरच्या कामात कमी दिसतात. मग ते वंशज शेती सोडून परमुलुखी का जाईनात. सारांश, कारण संपले तरी चाल उरते. हल्लीच्या ट्रॅक्टरात अवजार उचलावयाचे ते एका लहानशा दांडीने; तेथे मनगटाचा प्रश्न उरलेला नाही. आणि समजुतीच म्हणाल, तर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून तो घेण्यास कचरणारे आमचेच पूर्वज होते.

पेरणीची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. तिफणीने किंवा पाभरीने पेरताना बैल हाकणारा पुरुष असतो, परंतु चाड्यावर मूठ अनेक गावी बाईची असते. आंतरपीक असल्यास मोघ्यातून दुसरे बी सोडीत मागून चालणारीही तीच. ही मूठ साधी नव्हे. बैलांची चाल कमीजास्त होते, ज्वारीचा दाणा निराळा, करडईचा निराळा, हरभऱ्याचा त्याहून निराळा. ह्या सगळ्यांचा मेळ घालून बोटांमधून दाणे एकसारखे सोडावे लागतात. मूठ सैल पडली तर पीक दाट होते, आवळली तर नांगे पडतात. आठ दिवसांनी उगवण पाहून कोणाची मूठ कशी होती हे सारा गाव सांगतो. आता ट्रॅक्टरमागील पेरणीयंत्र पाहावे. त्यात खाचांची चकती किंवा रूळ फिरतो व ठरावीक दाणे नळीत सोडतो. म्हणजे यंत्रातील अत्यंत नाजूक भाग बाईच्या मुठीची जागा घेतो, बैल हाकणाराची जागा एंजिन घेते. असे असता त्या यंत्रावर बसण्यास जो लायक ठरला तो बैल हाकणारा. जिने बियाचे माप आयुष्यभर हाताने सांभाळले ती बांधावर उभी राहिली.

ह्यात तोटा कसा होतो तेही सांगतो. पेरणीयंत्र शेतात घालण्यापूर्वी त्याचे माप जुळवून घ्यावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी हे काम अंदाजाने उरकले जाते. वस्तुतः रीत सोपी आहे. यंत्राच्या चाकाचा परीघ दोन मीटर व पेरणीची रुंदी दोन मीटर असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चार चौरस मीटर जमीन पेरली जाते. पंचवीस फेऱ्यांत शंभर चौरस मीटर, म्हणजे एक आर. एकरात साधारण साडेचाळीस आर येतात. एकरी चाळीस किलो गहू टाकावयाचा असेल, तर यंत्र उचलून धरून चाक पंचवीस वेळा हाताने फिरवावे व नळ्यांखाली कापड अंथरून पडलेला गहू तोलावा. तो जवळजवळ एक किलो भरला पाहिजे. प्रत्येक नळीचा दाणा निराळा तोलल्यास कोणती नळी कमी सोडते तेही कळते. हे तोलणे व दाणा नजरेने पारखणे ज्या हातांना सवयीचे आहे, ते हात घरात असताना बाहेरच्या ड्रायव्हरच्या अंदाजावर बियाण्याचा खर्च सोपविणे, याला काय म्हणावे?

असाच प्रकार इतर कामांतही घडत आला आहे. जाते घरात होते तोवर त्याचे सर्व शास्त्र बाईपाशी होते. टाकी केव्हा लावावी, खुंटा कसा घट्ट करावा, वरची तळी किती उचलली म्हणजे भरड पडते व किती खाली आणली म्हणजे पीठ उतरते, हे तिला विचारावे लागे. पिठाची गिरणी आली आणि तेच दोन दगड एंजिनाला जोडताच ते पुरुषाचे यंत्र झाले. शिवणयंत्र घरात असते तेव्हा ते बायकी समजतात, बाजारात मांडले म्हणजे शिंप्याचे. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर हे वाफ कोंडून धरणारे पात्र आहे. त्याला झडप आहे, रबरी कडे आहे, आणि झडप अडकल्यास स्फोटाचे भय आहे. नुसत्या आवाजावरून आतील दाब ओळखणारी बाई त्याला यंत्र म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. बियाण्याचेही तसेच. राख, निंबाचा पाला व मातीची मडकी यांच्या साहाय्याने वाण टिकविण्याची विद्या घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे होती. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कोठे ह्या विद्येकडे लोकांचे लक्ष गेले.

बायकांना अवजार चालवता येत नाही, ह्या म्हणण्यात एक खरा अंश आहे. पण दोष अवजाराचा आहे. आपल्याकडील स्त्रियांची सरासरी उंची पुरुषांपेक्षा दहाबारा सेंटिमीटरने कमी, हाताची पकड लहान, आणि बहुतेक अवजारे बेतलेली पुरुषाच्या मापावर. पाठीवरच्या पंपात सोळा लिटर पाणी भरले म्हणजे पंपासह वीस किलोंच्या वर ओझे होते. असे अवजार हाती देऊन ती थकली म्हणजे तिच्या बुद्धीला बोल लावणे रास्त नव्हे. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने स्त्रियांच्या मापाची हातअवजारे तयार केली आहेत. मक्याचे दाणे सोडविण्याची अष्टकोनी नळी त्यांपैकीच. कणीस आत घालून पिळले की आतील पट्ट्यांनी दाणे सुटतात, बोटे सोलवटत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आमच्या वाचकांना माहीत असेलच. त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. भुवनेश्वर येथे तर १९९६ पासून केवळ शेतकरी स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी संस्था चालू आहे.

सरकारी अनुदानाची हकीकत मोठी मौजेची आहे. २०१४-१५ साली सुरू झालेल्या यांत्रिकीकरणाच्या योजनेत स्त्री खातेदारास शेकडा ५० पर्यंत व इतर सर्वसाधारण शेतकऱ्यास ४० पर्यंत अनुदान ठेविले गेले. त्यामुळे ज्यांनी कधी बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढविण्याचा विचार केला नव्हता, त्यांनाही तो सुचला. नाव चढले हे चांगलेच झाले. पण यंत्राची कागदपत्रे तिच्या नावाची आणि किल्ली मात्र ह्यांच्या खिशात, असा संसार कित्येक घरांत दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या १५,००० बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तिच्यात पंधरा दिवसांचे शिक्षण ठेविले, पाच दिवस उडविण्याचे व दहा दिवस शेतीतील वापराचे. ज्या बाईला सायकल कोळपे जमणार नाही असे आम्ही म्हणत होतो, ती पंधरा दिवसांत विमान उडविण्यास शिकते, हे पाहून आमच्यातील पुष्कळांची बोलती बंद झाली.

यापुढील गोष्ट जिवाची आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीने विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली व शेकडो रुग्णालयात गेली. फवारणी पुरुषांचे काम म्हणून औषधाची माहिती पुरुषांनाच दिली जाते. परंतु पाणी आणून देणारी, विषाने भिजलेले कपडे धुणारी, रिकामा डबा उचलून ठेवणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळींत खुरपावयास बसणारी बाईच असते. डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, त्याखाली पिवळा, मग निळा व हिरवा, हे तिला कोणी सांगितलेले नसते. हवामानाचा व औषधांचा इशारा मोबाईलवर येतो खरा. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील निम्म्याहून कमी स्त्रियांपाशी स्वतः वापरावयाचा फोन होता. इशारा ज्या खिशात पोहोचतो तो खिसा दिवसभर बाजारात असतो.

ह्या बाबतीत आमच्या मंडळाकडूनही चूक झाली, हे कबूल केले पाहिजे. आमची प्रात्यक्षिके आजवर सकाळी अकराच्या सुमारास देवळापुढे होत आली. त्या वेळी बाया खुरपणीला गेलेल्या असतात, आणि ज्या येतात त्या खांबाआड उभ्या राहतात. मागे एकदा कोळप्याचे प्रात्यक्षिक शेताच्या बांधावर, खुरपणी चालू असतानाच घेतले. बायांनी पहिल्या घटकेतच कोळप्याचा दांडा आपल्या छातीशी येतो, कमरेशी यावयास हवा, हे दाखवून दिले. पुरुषांच्या चार सभांत ही गोष्ट कोणी काढली नव्हती. यापुढील प्रात्यक्षिके बांधावरच घेण्याचे ठरविले आहे, आणि यंत्र प्रथम बायांच्या हाती देऊन मग इतरांच्या.

सभासदांस इतकेच सुचवावेसे वाटते. कोळप्याच्या दांड्याला उंची कमीजास्त करण्याकरिता भोके असतात, पंपाच्या पट्ट्यालाही कड्या असतात. दुकानात कोणी ते पाहत नाही. जिला अवजार चालवावयाचे तिला बरोबर न्यावे, दुकानातच दांडा तिच्या कमरेला लावून पाहावा, पंप पाण्याने भरून पाठीवर द्यावा, व तिला पटल्यावाचून पैसे मोजू नयेत. मोटरीच्या स्टार्टरची पेटी भिंतीवर पुरुषाच्या डोक्याइतकी उंच बसविण्याची रीत आहे. ती वीतभर खाली घेण्यास तारतंत्र्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.