मिलिमीटरचा शंभरावा भाग आणि डोंगरी सायकल

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या डोंगरातून उतरणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. रस्ता जेमतेम साडेतीन किलोमीटरचा, आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा! सायकली जुन्या, जाड टायरच्या. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेला; पेडल उलटे दाबले की तो लागे. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब खोलून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. असे पुन्हा भरण्याला इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात. तेच त्या रस्त्याचे आणि शर्यतीचे नाव पडले. आज जगभर दिसणारी माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल, घडली ती अशाच शर्यतींतून.

पुढे ब्रेक बदलले, फ्रेम बदलली, गिअर वाढले. पण चिखल, धूळ, पाणी आणि दणके यांचा मारा तसाच राहिला. त्यामुळे या सायकलीत बेअरिंग, चेन आणि दातेरी चक्रे पुन्हा पुन्हा बदलावी लागतात. हे काम वरवर पान्हा-हातोडीचे वाटते. प्रत्यक्षात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतराचे काम आहे. ते अंतर म्हणजे मिलिमीटरचे काही शंभरावे भाग. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा त्याहून जाड असतो!

छर्रे आणि कडी

आपल्या नेहमीच्या सायकलीचा हब उघडला, तर आत वाटी, सुटे छर्रे आणि कोन दिसतात. छर्रे वाटी आणि कोन यांच्यामध्ये गडगडतात. घासण्यापेक्षा गडगडण्यात घर्षण फार कमी, हे बेअरिंगचे मूळ तत्त्व. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने १८६९ साली सायकलीसाठी अशा छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिख फिशर याने पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारे यंत्र तयार केले. त्यानंतर चांगली बेअरिंग मोठ्या संख्येने बनवणे शक्य झाले.

नव्या डोंगरी सायकलीत बहुतेक ठिकाणी सुटे छर्रे नसतात. तेथे बंद बेअरिंग असते: एक बाहेरचे कडे, एक आतले कडे, मध्ये छर्रे आणि दोन्ही बाजूंना रबरी सील. ते खोलून कोन घट्ट-सैल करण्याची सोय नाही. खराब झाले की पूर्ण बदलायचे.

बेअरिंगवर एक आकडा कोरलेला असतो. समजा तो ६९०२ आहे. पहिला ६ हा अंक बेअरिंगचा प्रकार सांगतो, दुसरा त्याची जाडी किती भरीव ते सांगतो. शेवटच्या दोन अंकांवरून आतल्या भोकाचा व्यास कळतो. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे त्या संख्येला ५ ने गुणायचे. म्हणून ६८०५ या बेअरिंगचे भोक २५ मिमी. आपल्या ६९०२ चे भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास २८ मिमी आणि रुंदी ७ मिमी.

न खिळा, न नट

असे बेअरिंग फ्रेममध्ये किंवा हबमध्ये कशाने धरून ठेवलेले असते? पुष्कळ ठिकाणी तेथे ना नट असतो, ना आटे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास २८ मिमी असेल, तर ते ज्या भोकात बसायचे ते भोक त्याहून किंचित लहान ठेवतात. हा फरक साधारण ०.०१ ते ०.०३ मिमी एवढाच असतो. बेअरिंग दाबून आत घातले की भोकाचा धातू थोडा ताणला जातो. लवचीकतेमुळे तो मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो आणि बेअरिंगला चहूबाजूंनी आवळून धरतो. या दाबामुळे जे घर्षण निर्माण होते, तेच बेअरिंग जागेवर ठेवते. एकाच सायकलीत आपण छर्ऱ्यांपाशी घर्षण कमी करतो आणि कड्यापाशी ते मुद्दाम वाढवतो!

ही युक्ती आपल्याकडे अपरिचित नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो, तेव्हा ती चाकापेक्षा थोडी लहानच केलेली असते. तापवून ती मोठी होते, चाकावर बसते आणि पाणी ओतल्यावर आकसून लाकूड घट्ट आवळते.

आता फरक चुकला तर काय होते ते पाहू. भोक फार लहान असेल, तर बाहेरचे कडे आत दाबले जाते. छर्ऱ्यांना जागा उरत नाही आणि नवे बेअरिंगसुद्धा जड फिरते. भोक मोठे असेल, तर प्रत्येक पेडलबरोबर कडे सूक्ष्म हलते. त्यातून ‘कर्र कर्र’ आवाज सुरू होतो, पाणी शिरते आणि भोक झिजून आणखी मोठे होते. बेअरिंग स्वस्त असते. फ्रेम महाग असते.

क्रँकचा एक्सल जेथे बसतो त्या नळीच्या बाबतीत हा प्रश्न फार गाजला आहे. जुन्या पद्धतीत या नळीला आतून आटे असत आणि वाट्या त्यात पिळून बसवत. पुढे कार्बन तंतूंच्या हलक्या फ्रेम आल्या. त्यांत नुसते भोक ठेवून बेअरिंग दाबून बसवणे सोपे आणि हलके होते. डोंगरी सायकलींत ४१ मिमी भोकाची अशी पद्धत पुष्कळ वापरली गेली. पण भोक अचूक नसले की आवाजाच्या तक्रारी येत. म्हणून आज अनेक उत्पादक ७३ मिमी रुंदीच्या, आटे असलेल्या नळीकडे परतले आहेत. दाबून बसवण्याचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. अचूकता नसेल तर ते चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जोर कोणत्या कड्यावर?

बेअरिंग बसवताना सर्वांत महत्त्वाचा नियम एकच आहे: जे कडे घट्ट बसायचे आहे त्याच कड्यावर जोर द्यायचा. बेअरिंग भोकात बसवायचे असेल, तर बाहेरच्या कड्यावर. एक्सलवर चढवायचे असेल, तर आतल्या कड्यावर.

याचे कारण सोपे आहे. भोकात बसवताना आपण आतल्या कड्यावर जोर दिला, तर तो बाहेरच्या कड्यापर्यंत पोहोचणार छर्ऱ्यांतून. छर्रा कड्याला टेकतो ती जागा टाचणीच्या डोक्याहूनही लहान. क्षेत्रफळ कमी म्हणजे दाब प्रचंड. त्या दाबाने कड्याच्या खोबणीत बारीक खळगे पडतात. स्वीडनचा अभियंता योहान ब्रिनेल याने १९०० साली पोलादी गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत मांडली. तिच्यावरूनच अशा खळग्यांना ‘ब्रिनेलिंग’ म्हणतात. नव्या बेअरिंगवर हातोडी चालवणे म्हणजे नकळत ब्रिनेलचा प्रयोगच करणे होय!

म्हणून हातोडीऐवजी लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाच्या चकत्या वापरून बेअरिंग सावकाश आत ओढतात. येथे स्क्रूचे तत्त्व कामी येते. ८ मिमी बोल्टचा आटा एका फेऱ्यात १.२५ मिमी पुढे सरकतो. १५० मिमी लांबीच्या पान्ह्याचे टोक तेवढ्यात सुमारे ९४२ मिमी फिरते. म्हणजे जोर सुमारे ७५० पट वाढायला हवा. घर्षणामुळे त्याचा साधारण दहावा भागच हाती लागतो. तरी तो पुरेसा असतो, आणि मुख्य म्हणजे तो एकसारखा आणि सरळ रेषेत मिळतो. बेअरिंग तिरके शिरू लागले, तर लगेच थांबून ते सरळ करता येते.

उष्णतेचीही मदत घेता येते. ॲल्युमिनियमचा प्रसरण गुणांक सुमारे ०.००००२३, तर पोलादाचा सुमारे ०.००००१२ आहे. ॲल्युमिनियमच्या भागाचे २८ मिमी भोक ६० अंश सेल्सिअसने तापवले, तर

२८ × ०.००००२३ × ६० = ०.०३९ मिमी

एवढे मोठे होते. बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून ४० अंशांनी थंड केले, तर ते सुमारे ०.०१३ मिमीने आकसते. दोन्ही मिळून ०.०५ मिमी मोकळीक झाली. आपला फरक होता फार तर ०.०३ मिमी! बेअरिंग हाताच्या जोराने आत जाते. मात्र कार्बन तंतूंची फ्रेम कधीही तापवू नये. त्यातील राळ उष्णतेने बिघडू शकते.

चेन खरेच ताणली जाते काय?

आता चेनकडे वळू. ‘चेन ताणली’ असे मिस्त्री म्हणतात. पण चेनच्या पोलादी पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. चेन वाढते ती झिजेमुळे.

आजच्या चेनचा मूळ नमुना हान्स रेनॉल्ड याने १८८० साली इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ तयार केला. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतर असते. चेन दातेरी चक्रावर वळली, की प्रत्येक सांध्यात पिन थोडी फिरते आणि घासते.

हे घासणे केवढ्या जोराखाली होते? समजा ७० किलोग्रॅमचा स्वार पेडलवर उभा राहिला. पेडलवर जोर सुमारे ७०० न्यूटन. क्रँकची लांबी १७० मिमी. पुढच्या ३२ दात्यांच्या चक्राचा परीघ ३२ × १२.७ म्हणजे ४०६ मिमी, आणि त्रिज्या सुमारे ६५ मिमी. तरफेच्या नियमाने चेनमधील ताण ७०० × १७० ÷ ६५, म्हणजे सुमारे १८३० न्यूटन येतो. पेडलवर एक माणूस आणि चेनला अडीच माणसे लटकलेली! त्यात तेलाला चिकटलेली धूळ असते. वाळूतील क्वार्ट्झ पोलादावरही ओरखडे काढतो. तेल आणि वाळू मिळून घासकागदाचे काम करतात. म्हणून तेल सांध्याच्या आत हवे. बाहेरचे पुसून काढावे.

समजा प्रत्येक सांधा फक्त ०.०६ मिमी झिजला. एका सांध्यात हे कुणालाही दिसणार नाही. पण १२.७ मिमीच्या मानाने ही वाढ अर्धा टक्का आहे. आता चेनच्या पिना दात्यांच्या मधल्या खाचांत नीट बसत नाहीत. पूर्वी जो भार अनेक दाते वाटून घेत, तो एकदोन दात्यांवर येतो. चेन दात्यांवर वर चढू लागते. दाते एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. झिजलेली चेन आपल्याच मापाप्रमाणे चक्रांना घासून घेते.

अशा चक्रांवर नवी चेन चढवली, तर ती बसत नाही. चढावर जोर दिला, की ती दाते सोडून उडी मारते. पेडल एकदम मोकळे सुटते आणि स्वार पडू शकतो. म्हणून चेन वेळेवर बदलावी. ११ किंवा १२ गिअरच्या सायकलीत अर्धा टक्का, आणि ६ ते १० गिअरच्या सायकलीत पाऊण टक्का वाढ झाली, की ती बदलायची असा प्रघात आहे. मागच्या १२ चक्रांचा जुडगा चेनपेक्षा पुष्कळ महाग असतो. चेन वेळेवर बदलली तर तोच जुडगा दोनतीन चेनला पुरतो. उशीर झाला तर चेन, मागचा जुडगा आणि पुढचे चक्र असे तिन्ही एकदम बदलावे लागतात.

करून पाहा

०.०६ मिमी मोजायला शाळेतील स्क्रू गेज हवा. पण चेनची झीज साध्या पोलादी पट्टीनेही कळते. आपल्या घरच्या सायकलीवर हा प्रयोग करा.

चेन पुसून स्वच्छ करा. मित्राला ब्रेक दाबून पेडलवर थोडा जोर द्यायला सांगा, म्हणजे वरची बाजू ताठ राहील. बोटे चेन आणि चक्राच्या मध्ये जाऊ देऊ नका. एका पिनेच्या डाव्या कडेवर पट्टीचा शून्य ठेवा. त्या पिनेला सोडून पुढच्या २४ पिना मोजा आणि चोविसाव्या पिनेची डावी कड कोठे येते ते वाचा. नव्या चेनला हे अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी असते. ३०६.३ मिमी आले तर अर्धा टक्का झीज, ३०७.१ आले तर पाऊण टक्का, आणि ३०७.८ आले तर एक टक्का. एकच गिअर असलेल्या साध्या सायकलीची चेन एक टक्क्यापर्यंत चालते.

एका सांध्यातील ०.०६ मिमी पट्टीला दिसत नाही. २४ सांध्यांची झीज एकत्र झाली, की ती दीड मिलिमीटर होते आणि सहज वाचता येते. वहीच्या एका पानाची जाडी काढण्यासाठी आपण १०० पानांची जाडी मोजून भागाकार करतो, तीच ही रीत. वर्गातील सर्वांनी आपापल्या सायकलींची मापे घेऊन फळ्यावर तक्ता करावा. सायकल किती वर्षे वापरली आणि चेनला तेल केव्हा दिले, हेही शेजारी लिहावे. कोणाची चेन का जास्त झिजली, याची चर्चा तक्त्यासमोरच करता येईल.