विटांचे डोंगर आणि पाण्याचा उतार

गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले, तर प्राचीन जगातली सर्वांत उंच वास्तू श्रीलंकेत होती. अनुराधपूरचा जेतवनाराम स्तूप राजा महासेनाने बांधायला घेतला आणि चौथ्या शतकात त्याच्या मुलाने तो पुरा केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर, आणि त्यात लागलेल्या भाजक्या विटा अंदाजे ९ कोटी ३० लाख! माथा ढासळल्यावरही आज तो ७१ मीटर उंच उभा आहे.

हे शहर हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र इथे धम्म घेऊन आला. मागोमाग बहीण संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली. त्या फांदीचं झाड आजही अनुराधपुरात उभं आहे. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदलेल्या झाडांमध्ये ते जगातलं सर्वांत जुनं मानलं जातं. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच झाडाचा वंशज. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याच्या फांद्या अनुराधपुराहून आणल्या होत्या.

पाचव्या शतकात चिनी भिक्खू फाहियान इथे दोन वर्षं राहिला. एकट्या अभयगिरी विहारात पाच हजार भिक्खू असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. इतक्या जणांना रोज भिक्षा घालायची, तर भात किती पिकायला हवा! आणि हा तर बेटाचा कोरडा भाग. इथला बहुतेक पाऊस वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांतच पडून जातो.

स्तूपांकडे पाहून आपण थक्क होतो, पण त्यांना पोसणारी खरी करामत जमिनीलगत आहे. अनुराधपूरच्या राजांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हा विशाल जलाशय बांधला आणि तिथून राजधानीपर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा आणला. त्याला जयगंगा म्हणतात. पहिल्या २७ किलोमीटरच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत! उतार थोडा वाढला तर काठ खचणार, थोडा कमी झाला तर पाणी तुंबणार. आजच्यासारखी उपकरणं हाताशी नसताना हा उतार त्यांनी साधला, आणि त्या कालव्यातून आजही पाणी वाहतं.

खोल तलावातून पाणी सोडणं हेही सोपं नसतं. तळाशी पाण्याचा दाब एवढा असतो की मोरी उघडताच ते बंधाराच पोखरू लागतं. त्यासाठी इथल्या स्थपतींनी बंधाऱ्यात दगडी चौकोनी विहीर बांधली. तिला सिंहलीत बिसोकोटुव म्हणतात. पाणी आधी या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मगच ते बेताने बाहेर पडतं.

हीच जाण भिक्खूंच्या स्नानाच्या जागेतही दिसते. कुट्टम पोकुण या जोड-तळ्यांपाशी आलेलं पाणी आधी बाजूच्या दगडी कुंडांत थांबतं. गाळ तिथे खाली बसतो आणि निवळलेलं पाणी मकरमुखातून तळ्यात पडतं. घाटाची प्रत्येक पायरी आणि प्रत्येक सांधा नीट घोटलेला आहे.

चूळवंस या इतिवृत्तात धातुसेनाच्या शेवटाची गोष्ट येते. मुलगा कश्यप याने गादी बळकावली आणि खजिना कुठे दडवला आहे, असा तगादा लावला. तेव्हा म्हातारा राजा कलावेवच्या काठावर गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि हीच आपली सारी दौलत असल्याचं त्याने सांगितलं. त्यानंतर मुलाने त्याला ठार करवलं.

महासेनाची कथा तर आणखी बोलकी आहे. त्याने महाविहाराच्या भिक्खूंशी वैर धरलं, त्यांचा विहार पाडला, म्हणून त्या परंपरेच्या इतिवृत्ताने त्याला बोल लावला. पण याच राजाने मिन्नेरियचा प्रचंड तलाव बांधला होता. त्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्याला मिन्नेरिय देव मानलं आणि त्याची पूजा सुरू केली. पिरॅमिडांशी बरोबरी करणारा स्तूप बांधणाऱ्या राजाला देवपण मिळालं ते तलावामुळे. अनुराधपूरची थोरवी मोजायची, तर शेतकऱ्यांचा हा निवाडा आधी लक्षात घ्यायला हवा.