रिस्टार्ट मारला की मशीन झिजतं?

ऑफिसात पीसी अडून बसला की आयटी सपोर्टवाला फोनवर पहिला प्रश्न कोणता विचारतो? 'एकदा रिस्टार्ट करून बघितलंत का?' हसू नका. पुण्यात हेच वाक्य दिवसभर म्हणायचा मी पगार घेतो!

पण माझी कॉम्प्युटरशी ओळख झाली ती बरोब्बर उलट्या नियमाने. यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीला माझ्या काकांचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, विंडोज ९८, बाहेर चपलांचा ढीग आणि भिंतीवर स्केचपेनने लिहिलेली पाटी : 'रिस्टार्ट करू नये. मशीन झिजते.' काकांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. मोटारसायकलला सारखी किक मारली तर इंजिन खराब होतं, मग कॉम्प्युटर कसा सुटेल?

२००६च्या उन्हाळ्यात तीन नंबरच्या मशीनची हार्डडिस्क गेली. त्या मशीनवर एक पोरगं बसायचं. हुशार होतं, पण हात सारखा रीसेटच्या बटनावर. 'काऊन रे, पुन्हा दाबलं?' असं काका रोज ओरडायचे. डिस्क गेली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांत शहाणपणा केला तो मी. तेव्हा इंजिनिअरिंगला होतो ना! 'इतके रिस्टार्ट मारल्यावर दुसरं काय होणार?' असं मी चारचौघांत ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगं क्लासला आलं नाही. फीसुद्धा परत मागितली नाही.

आता जरा मशीनचं बघू. काकांची समजूत अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेतल्या १९४५च्या एनियाकमध्ये १७ हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि त्या बहुतेक वेळा उडायच्या त्या मशीन चालू-बंद करताना, गरम-गार होण्याच्या वेळी. म्हणून ते चालूच ठेवणं परवडायचं. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमधला टिफ्रॅकसुद्धा २,७०० ट्यूबांचा होता. ट्यूब गेल्या, पण भीती मागे राहिली.

गरम-गार होण्याचा त्रास आजच्या चिपलाही होतो. धातू तापला की पसरतो, निवला की आकसतो, आणि सोल्डरच्या जोडांना हळूहळू तडे जातात. एक्सबॉक्स ३६० आठवतो? त्याच्या लाल दिव्यांपायी २००७मध्ये मायक्रोसॉफ्टला १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पुढे २०२१मध्ये कंपनीनेच सांगितलं, की सारखं तापून-निवून चिपच्या आतले जोड तुटत होते.

पण इथेच खरी मेख आहे. हे सगळं होतं मशीन बंद करून गार झालं तर. रिस्टार्टमध्ये वीज तुटतच नाही! एसएमपीएस चालू, पंखा चालू, हार्डडिस्कची तबकडी फिरतेच आहे. फक्त मेमरी कोरी होते आणि विंडोज पहिल्यापासून सुरू होतं. काकांच्या भाषेत सांगायचं तर ही किक नव्हेच, इंजिन चालू ठेवून नुसता गिअर न्यूट्रलला आणणं आहे. बरं, पूर्ण बंद-चालूचंही बघा. तेव्हाच्या डेस्कटॉप हार्डडिस्कच्या डेटाशीटवर ५०,०००च्या आसपास स्टार्ट-स्टॉप दिलेले असत. रोज दहा वेळा बंद-चालू केलं तरी तेरा वर्षं सहज निघाली असती.

मग डिस्क कशाने गेली? २००७मध्ये गुगलच्या इंजिनिअरांनी आपल्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये जास्त वेळा बंद-चालू झालेल्या डिस्क थोड्या जास्त मेल्याचं त्यात दिसलं. पण त्यांनी लगेच जोडलं, की हे उलटंही असू शकतं. मशीन आधीच बिघडलेलं असतं, म्हणून ते सारखं बंद-चालू करावं लागतं!

हे वाचलं आणि मला तीन नंबरचं मशीन आठवलं. पोरगं रीसेट दाबायचं, कारण मशीन हँग व्हायचं. आणि मशीन हँग व्हायचं, कारण...

गेल्या दिवाळीत ढाणकीला गेलो, तर माळ्यावर ती डिस्क सापडली. काका काही फेकून देत नाहीत. जुन्या आयडीई डिस्कला यूएसबीचा अडॅप्टर लावला. तिसऱ्या प्रयत्नाला ती घरघरली आणि स्मार्टचे आकडे दिसले. (हार्डडिस्क आपली कुंडली आपणच लिहीत असते, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरने ती वाचता येते.) खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर ढिगाने. पॉवर सायकल : ४,११२. पन्नास हजारांच्या दहा टक्केसुद्धा नाही. आणि रीसेटचं बटन यात मोजलंच जात नाही, कारण वीज तुटत नाही. म्हणजे त्या पोराच्या खात्यावर शून्य!

ते चार हजार आले कुठून, हे २००६मध्ये विदर्भात राहिलेल्या कुणालाही विचारा. भारनियमन! दिवसातून कितीदा लाईन जायची याला गणती नव्हती. यूपीएस होता, पण बॅटरी पुरती चार्जच व्हायची नाही, त्यामुळे तोही लाईनीबरोबरच जायचा. फाइल लिहिता लिहिता वीज गेली की विंडोज ९८चा सगळा पसारा विस्कटायचा, आणि परत येताना व्होल्टेजचा फटका एसएमपीएसला. वरून उन्हाळ्यातला पत्रा.

तुमच्या लॅपटॉपचं म्हणाल तर बिनधास्त रिस्टार्ट मारा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. उलट विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आल्यावर शट डाउन केलं तरी आतला बराच भाग झोपवून ठेवला जातो, खरी कोरी सुरुवात रिस्टार्टनेच होते. बटन दाबून धरून बंद करायची सवय मात्र सोडा.

काकांना स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, 'ते पोरगं आता उमरखेडला मोबाइल रिपेरिंग करते. जाऊन ये.'

गेलो. कुणाच्या तरी फोनची बॅटरी बदलत होता. मला ओळखलं, चहा सांगितला. मी माफीबिफीचं जुळवून आणलेलं वाक्य अर्ध्यावरच अडलं, म्हणून सरळ स्क्रीनशॉट पुढे केला. त्याने भिंग बाजूला ठेवून आकडे नीट वाचले.

'दादा, म्हणजे ढाणकीची लाईन चार हजार वेळा गेली का हो?'

मी म्हटलं, सकाळी काकांनी चालू केलेलं वजा कर.

तो हिशेब करायला लागला.